साठी, बुद्धी आणि मनावरचा ताण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेली आहे. आजोबा चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा घरभर शोधू लागले की ही म्हण हटकून कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडते. घरातली मंडळी हसतात, आजोबाही हसतात. त्या हसण्यात वाईट काही नाही. परंतु म्हणीचा एक दोष असा की, ती एकदा उच्चारली म्हणजे पुढे विचार करण्याचे कारण उरत नाही. साठी उलटलेल्या माणसाला विसर पडू लागला, तो चिडू लागला, गप्प राहू लागला, की ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत आपण रोगाचे निदानही करतो आणि उपचारही आटोपतो. ह्या दोन शब्दांपायी बरे होण्याजोगे किती दुखणे घराघरांत तसेच राहून जाते, याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

विषयाचे धागे तीन: शरीराचे आरोग्य, मनावरचा ताण आणि स्मरणशक्ती. हे तीन धागे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक ओढला म्हणजे बाकीचे दोन हलतात. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वयाने काही शक्ती मंदावतात हे खरे. पण माणूस आपल्याला हरवतो तो बहुधा रोगाने, वर्षानुवर्षांच्या ताणाने, बहिरेपणाने आणि एकटेपणाने. आणि यांपैकी पुष्कळ गोष्टींवर इलाज आहे. मात्र तो वेळेवर शोधला पाहिजे.

वयाने काय जाते आणि काय राहते

प्रथम गिरगावातलेच एक उदाहरण घेऊ. आंग्रेवाडीत राहणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० सालचा. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ ह्या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली, म्हणजे त्यांच्या पन्नाशीत, प्रसिद्ध झाला आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली बाहेर पडला. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. सारा ग्रंथ सहा हजारांहून अधिक पृष्ठांचा. म्हणीच्या हिशेबाने बुद्धीने निरोप घेतल्यावर बावीस वर्षे हे गृहस्थ शेकडो ग्रंथांतील वचने एकमेकांशी ताडून पाहत होते. पुढल्याच वर्षी त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

एका असामान्य पुरुषावरून सर्वांचा नियम काढता येत नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. म्हणून सामान्य माणसांकडे वळू. अमेरिकेत सिॲटल येथे वॉर्नर शाय ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली एक पाहणी सुरू केली. निरनिराळ्या वयांच्या माणसांची बुद्धी तपासायची आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठून तपासायचे, असा तिचा क्रम होता. तो अनेक दशके चालू राहिला. त्यातून दिसले ते असे की, बुद्धीच्या सगळ्या शक्ती एकाच वेळी उतरत नाहीत; साठीपर्यंत होणारी घट बहुतेकांच्या बाबतीत अल्प असते; आणि वय वाढेल तसे माणसामाणसांतले अंतर मात्र मोठे होत जाते. वीस वर्षांची दोन मुले एकमेकांसारखी असतील, पण सत्तरीतली दोन माणसे एकमेकांसारखी असतीलच असे नाही. साऱ्या साठीकरांना एका म्हणीत कोंबणे शास्त्राला धरून नाही ते ह्यामुळे.

‘स्मरणशक्ती’ असे आपण एकवचनात म्हणतो. वस्तुतः ती एक शक्ती नसून चारपाच शक्तींचे एकत्र कुटुंब आहे. कोणी टेलिफोनचा नंबर सांगितला आणि तो कागदावर उतरेपर्यंत आपण मनात धरून ठेवला, ही एक स्मृती. तिला मनाची मूठ म्हणावे. काल दुपारी कोण भेटले, काय बोलणे झाले, हे आठवणे ही दुसरी, प्रसंगांची स्मृती. शब्दांचे अर्थ, पावकी-निमकी, नात्यागोत्याची माहिती ही तिसरी, ज्ञानाची. आणि मोदकाच्या पाकळ्या पाडणे, पेटीवर बोटे फिरवणे, तुटलेल्या सुताला चुटकीसरशी गाठ मारणे ही चौथी, हाताची स्मृती. वय वाढते तशी मनाची मूठ थोडी सैल होते. एकाच वेळी दोन कामांकडे लक्ष देणे जड जाते. नवी गोष्ट शिकायला वेळ अधिक लागतो आणि ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी जिभेवर येत नाही. परंतु ज्ञानाची व हाताची स्मृती निरोगी माणसात फार उशिरापर्यंत शाबूत राहते. शब्दसंग्रह तर साठीनंतरही वाढू शकतो.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. पण गिरगावातल्या नव्वदीच्या गृहस्थांना ट्रामची गोष्ट विचारा; घंटेच्या आवाजापासून तिकिटाच्या दरापर्यंत सारे ते सांगतील आणि सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र त्यांना आठवणार नाही. ‘जुने बरे आठवते!’ असा टोमणा मग मिळतो. ह्यात लबाडी मुळीच नाही. सुमारे दहा ते तीस ह्या वयातल्या आठवणी मनात अधिक दाट साठतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार दिसून आले आहे. पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, नवे शहर, सारे त्याच काळातले. ते अनेकदा आठवलेले, अनेकदा सांगितलेले असते. गोळी घेणे ही रोजची एकसारखी क्रिया. तिला आठवणीत वेगळी जागा मिळत नाही.

ताण म्हणजे काय?

आता दुसऱ्या धाग्याकडे येऊ. ‘ताण’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पण त्याला शरीरशास्त्रात स्थान मिळाले ते हान्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञामुळे. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि कॅनडात माँट्रिऑल येथे काम करणाऱ्या सेल्येने १९३६ साली प्रयोगांवरून दाखवले की, थंडी असो, जखम असो वा विष असो, शरीर त्या प्रत्येकाला काही प्रमाणात एकाच ठराविक रीतीने तोंड देते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी त्या वेळी आपले रस रक्तात सोडतात. त्यांतल्या एकाचे नाव कॉर्टिसॉल. त्याच्यामुळे रक्तातली साखर वाढते, शरीर धावायला वा झुंजायला सज्ज होते आणि मन सावध होते.

गिरणगावातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला दूरचा दाखला नको. साच्यावर चढवलेला ताणा सैल असेल तर कापड विणले जात नाही आणि फाजील ओढला तर सूत तुटते. थोडा ताण कामाला लागतो. परीक्षेच्या दिवशी, अपघाताच्या क्षणी घडलेले आपल्या पक्के ध्यानात राहते ते थोड्या वेळच्या ताणामुळेच. घात होतो तो ताण उतरतच नाही तेव्हा.

मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर दोन्ही बाजूंना एक लहानसा भाग आहे. समुद्रात घोड्याच्या तोंडाचा एक मासा सापडतो, त्याच्यासारखा आकार असल्यामुळे त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या प्रसंगांची स्मृती तयार होते ती ह्याच्या साहाय्याने. अमेरिकेतील ब्रूस मॅकएवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखवले की, ताणाच्या वेळी रक्तात येणारा हा रस मेंदूच्या नेमक्या ह्याच भागात जाऊन चिकटतो. पुढच्या संशोधनातून असे दिसले की, ताण दीर्घकाळ टिकला तर येथील पेशींच्या फांद्या आखडतात. म्हणजे स्मरणाचे जे कोठार, त्याच्याच दारावर ताणाची पहिली थाप पडते. ह्याखेरीज ताणाने झोप मोडते, रक्तदाब वाढतो, मधुमेह बळावतो. आणि ह्या तिन्हींचा परिणाम शेवटी मेंदूतील रक्तवाहिन्यांवर होतो.

ह्यापेक्षाही एक साधी गोष्ट आहे. जे मनात शिरलेच नाही ते आठवणार कोठून? मुलाच्या नोकरीची किंवा घरभाड्याच्या दाव्याची काळजी ज्याचे मन व्यापून बसली आहे, त्याने किल्ली कोठे ठेवली ह्याकडे त्याचे लक्षच नव्हते. आपण तिला विस्मरण म्हणतो. खरी उणीव लक्षाची असते. काळजी हलकी झाली की हा विसर पुष्कळदा आपोआप कमी होतो.

ताण हा मोठ्या साहेबांचा रोग, अशी एक समजूत आहे. इंग्लंडमध्ये मायकेल मार्मट यांनी सरकारी नोकरांची जी पाहणी केली, तिने ती खोटी ठरवली. हृदयविकाराचे मरण वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या पायरीवरच्या नोकरांत अधिक आढळले. कामाचा बोजा भारी आणि ते काम कसे करावे ह्यावर आपला काडीचा ताबा नाही, ही अवस्था सर्वांत जाचक.

गिरणगावचा धडा

ताबा सुटणे म्हणजे काय, हे परळ-लालबागला कोणी शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप औपचारिक रीतीने कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या माणसाचा भोंगाच बंद पडला. तेव्हा जे तिशी-पस्तिशीत होते ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. म्हातारपण, ताण आणि स्मृती ह्या विषयाचा अभ्यास करायचा तर ह्या पिढीइतका जवळचा धडा दुसरा नाही.

ह्या पिढीने काय काय बरोबर आणले ते पाहा. साचेखात्यात काम केलेल्यांनी बहिरेपण आणले. धोट्याच्या साच्यांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अशा खात्यात माणसे खुणांनी आणि ओठांच्या हालचालीवरून बोलत. तीस वर्षे तेथे काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहतील कसे? सूतखात्यातल्यांनी कापसाच्या धुळीने भरलेली छाती आणली. रात्रपाळीवाल्यांनी मोडलेली झोप आणली. आणि सर्वांनीच एक न संपलेला हिशेब आणला: देणी मिळायची राहिली, घराच्या सोडतीत नाव यायचे राहिले, त्यासाठी जुने तिकीट, फंडाची पावती, विम्याचे कार्ड जपून ठेवायचे राहिले. आपला तिकीट नंबर झोपेतून उठवून विचारला तरी सांगणारा माणूस नातवाचे नाव चुकतो, ह्याचे नवल वाटू नये.

परंतु धड्याचे दुसरे पानही आहे. संकट सर्वांवर सारखे आले, तरी सर्व माणसे सारखी मोडली नाहीत. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताणाला तोंड देण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. एका रीतीत माणूस प्रश्नालाच हात घालतो; दुसरीत प्रश्नाने उठलेली मनाची खळबळ शांत करतो. जे बदलता येते तेथे पहिली रीत कामाची. जे बदलता येत नाही, जसे की जोडीदाराचा मृत्यू, तेथे दुसरी. चुकीच्या जागी चुकीची रीत वापरली की ताण वाढतो. कान तपासून घेण्याऐवजी मन शांत करत बसणे जितके व्यर्थ, तितकेच गेलेल्या माणसाबद्दल रोज नवा उपाय शोधणे व्यर्थ.

ही दोन्ही रीतींची शहाणीव गिरणगावाने पुस्तक न वाचता दाखवली. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. एकट्या बाईला जे कर्ज कोणी देत नव्हते ते गटाच्या जामिनावर बँकेकडून मिळू लागले. संपात गिऱ्हाइकांचे पगार थांबले तशी ह्या बायकांचीही मिळकत आटली. पण ज्यांना एकमेकींची सोबत होती त्यांना निदान संकट एकटीने सोसावे लागले नाही. पुरुषांपैकी कोणी भाजीची गाडी लावली, कोणी पहारेकऱ्याची नोकरी धरली, कोणी कोकणात वा घाटावर परतून शेती पाहिली. ही झाली पहिली रीत. भजनी मंडळ, गणपतीच्या मंडळाचा जमाखर्च, गॅलरीतला पत्त्यांचा डाव ही दुसरी. दारूच्या गुत्त्याकडे गेलेलेही होते. तोही ताणाला तोंड देण्याचाच प्रयत्न, पण व्याजाने घेतलेल्या कर्जासारखा. आजची रात्र निभते आणि पुढची दहा वर्षे गहाण पडतात.

नीरा आडारकर व मीना मेनन यांनी ह्या वस्तीतल्या सुमारे शंभर माणसांच्या तोंडच्या आठवणी एकत्र करून त्यांचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे मुंबईचा इतिहास समृद्ध झाला. पण सांगणाऱ्यांचाही त्यात लाभ असतो. रॉबर्ट बटलर ह्या अमेरिकन डॉक्टरने १९६३ सालीच असे प्रतिपादन केले होते की, म्हाताऱ्या माणसाने गतायुष्य पुन्हापुन्हा आठवणे हा चळ नाही. सारे आयुष्य एकदा नजरेखालून घालून त्याचा मेळ बसवण्याचे ते स्वाभाविक काम आहे. तेव्हा आजोबांनी संपाची गोष्ट विसाव्यांदा काढली तर ‘ऐकलंय हो, आजोबा!’ म्हणून उठून जाण्यापूर्वी क्षणभर थांबावे. एखादा नवा प्रश्न विचारावा. गोष्ट पुढे सरकते.

विसर आणि रोग

येथवर आम्ही निरोगी म्हातारपणाविषयी बोललो. पण प्रत्येक विसर निरुपद्रवी असतो असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. स्मृतिभ्रंश हा मेंदूचा रोग आहे. जर्मनीतील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्री-रोग्याच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन सभेत वाचून दाखवले. त्यांच्याच नावाने आज स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार ओळखला जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबून होणारा प्रकार हा त्याच्या खालोखाल. डॉ. क्रिस्टोफर वाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चाळिशीपुढच्या २४,४८८ माणसांची पाहणी केली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात पासष्टीपुढच्यांत शेकडा २.४४ जणांना स्मृतिभ्रंश आढळला. देशभरच्या अलीकडील पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात साठीपुढच्यांत हे प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे दिले आहे. दोन पाहण्यांची पद्धत वेगळी आणि वयाची मर्यादाही वेगळी, त्यामुळे आकडे जुळत नाहीत. पण मोठा आकडा धरला तरी शंभरांतले ब्याण्णव साठीकर ह्या रोगापासून मुक्त आहेत. म्हणीला हे उत्तर पुरेसे आहे. उरलेल्यांना मात्र म्हणीची नव्हे, डॉक्टरची गरज आहे.

साधा विसर आणि रोग ह्यांतला फरक ओळखावा कसा? काही खुणा सांगतो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणे ही रोगाची खूण. गाडीत डुलकी लागून चिंचपोकळीऐवजी करी रोडला उतरणे साधे; चाळीस वर्षे राहिलेल्या लालबागच्या गल्लीत घराचा रस्ता न सापडणे साधे नव्हे. नाव न आठवून थोड्या वेळाने आठवणे साधे. तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणे आणि विचारल्याचे भान नसणे साधे नव्हे. जन्मभर हिशेब चोख ठेवणारी बाई वाण्याच्या सुट्ट्या पैशांत गोंधळू लागली, रोजच्या आमटीची कृती चुकू लागली, स्वभाव पालटला, तर लक्ष द्यावे. आणखी एक गोष्ट: ‘मला हल्ली काही आठवत नाही हो’ अशी तक्रार जो स्वतः वारंवार करतो, त्याच्या बाबतीत पुष्कळदा काळजी वा उदासी निघते, स्मृतिभ्रंशात ही तक्रार बहुधा घरचे करतात.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी पण उपचाराने सुधारणारी दुखणी थोडीथोडकी नाहीत. ब-१२ ह्या जीवनसत्त्वाची उणीव घ्या. शाकाहारी घरांत ती विशेष आढळते आणि साध्या रक्ततपासणीत कळते. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंदावली की विचारही मंदावतो. मनाची दीर्घ उदासी तर विसराचे हुबेहूब सोंग घेते. झोपेच्या गोळ्या, सर्दी-खाजेची काही औषधे, चार डॉक्टरांनी दिलेल्या चार चिठ्ठ्यांतील एकमेकांशी न पटणाऱ्या गोळ्या यांनीही म्हातारा माणूस भ्रमिष्टासारखा होतो. पडल्यावर डोक्याला लागलेला मार तेव्हा किरकोळ वाटतो आणि काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेले रक्त मेंदूला दाबू लागते. आणि माणूस दोनतीन दिवसांत एकाएकी बरळू लागला, तर मूळ बहुधा तापात, लघवीच्या जंतुदोषात किंवा रक्तातील मीठ उतरण्यात असते. तेथे एक दिवसही थांबू नये. परळला १९२६ पासून के. ई. एम. रुग्णालय उभे आहे. तेथे मज्जासंस्थेच्या व मनाच्या विकारांचे विभाग आहेत. लालबागहून तेथवरचे अंतर चालण्याइतके. ‘वय झाले’ हे दोन शब्द मात्र ते अंतर वर्षानुवर्षे कापू देत नाहीत.

काय करता येईल?

रोग होण्याआधी काही करता येते काय? ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली चौदा कारणे मोजली आणि असा अंदाज दिला की, ती सारी दूर करता आली तर जगातील जवळजवळ शेकडा ४५ स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. बालपणी शिक्षण न मिळणे, ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला मार, उदासी, एकटेपणा आणि दूषित हवा ही ती चौदा. हा अंदाज आहे, हमी नव्हे. हवेसारख्या काही गोष्टी एकट्याच्या हातातल्याही नाहीत. पण यादी डोळ्यांखालून घातली तर तीत महागडे असे फारसे काही नाही.

कानाचेच उदाहरण घ्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या मेंदूची सारी शक्ती शब्द ओळखण्यात खर्ची पडते, ध्यानात ठेवायला ती उरत नाही. शिवाय ‘काय?’ असे चारदा विचारण्याची लाज वाटून तो बोलणेच सोडतो आणि एकटा पडतो. चष्म्याला कोणी हसत नाही, कानाच्या यंत्राला मात्र लोक लाजतात. अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली आले. त्यात सर्वांना मिळून लक्षात येईल असा फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका अधिक होता त्यांची बुद्धीची घसरण यंत्रामुळे तीन वर्षांत जवळजवळ निम्म्याने मंदावली. साचेखात्यातून निवृत्त झालेला प्रत्येक माणूस ह्या दृष्टीने तपासला जावा, असे आम्हांस वाटते.

फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला व २०१५ साली प्रसिद्ध झाला. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबादिकांवर लक्ष ह्या चार गोष्टी एकत्र केल्यावर बुद्धीच्या कसोट्यांत लाभ दिसला. त्यांच्याकडे बर्फ आहे, आपल्याकडे शिवाजी पार्कचा कट्टा आहे. पार्काची एक फेरी एक किलोमीटरहून थोडी अधिक भरते. सकाळी दोन फेऱ्या, बरोबर बोलायला एक सोबती, आणि घरी परतल्यावर वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची चार पाने; ह्यात चारांपैकी दोन गोष्टी साधल्या. शब्दकोडे रोज सोडवणाऱ्याने अधूनमधून जे येत नाही ते शिकावे: नातवाकडून मोबाइलवर पैसे पाठवणे शिकावे, नवी भाषा शिकावी, नवा राग ओळखायला शिकावे. आणि वही ठेवावी. औषधांच्या डब्याला वारांची खोकी, किल्लीला भिंतीवर एकच खिळा, उद्याच्या कामांची चिठ्ठी. ह्यात कमीपणा नाही.

राहिला एकटेपणा. चाळीने ह्या एका रोगावर नकळत लस टोचली होती. तेथे दार उघडे असे, गॅलरीतून जाणारा ‘काय आजी, जेवलात का?’ असे विचारीत असे, आणि दोन दिवस आजी दिसल्या नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणी आत डोकावे. चाळीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. दहा बाय बाराची खोली, सामाईक संडास, रात्री जिना उतरणारे दुखरे गुडघे, हाही ताणच होता. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. वरळीत २०२५ साली पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचाही तोच प्रवास आहे. स्वतःचा संडास आणि उद्वाहन हे म्हाताऱ्या माणसाला वरदानच. पण विसाव्या मजल्यावर दार बंद राहते. ज्याची स्मृती आधीच डळमळलेली आहे तो ओळखीच्या खुणा गेल्यावर अधिक गोंधळतो. म्हणून नव्या घरात जुनी कपाटे, जुना देव्हारा, जुनी खाट शक्य तितकी जुन्याच क्रमाने मांडावी. आणि जी भेट गॅलरीत आपोआप होत असे ती आता ठरवून घडवावी. इमारतीच्या तळमजल्यावर रोज तासभर बसण्याची जागा आणि ज्येष्ठ नागरिक संघाची आठवड्याची बैठक ह्या गोष्टी चैनीच्या नव्हेत, आरोग्याच्या आहेत. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी सरकारने २०२१ साली १४५६७ ही ज्येष्ठांची दूरध्वनी सेवा आणि २०२२ साली मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ ही सेवा सुरू केली आहे. हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून ठेवावेत.

सांभाळणाऱ्याचे काय?

स्मृतिभ्रंश एकाला होतो, पण झोप साऱ्या घराची उडते. हा भार बहुधा पत्नीवर, सुनेवर किंवा लेकीवर पडतो. तोच प्रश्न शंभरदा ऐकणारी, रात्री दार उघडून निघालेल्या सासऱ्यांना परत आणणारी सून स्वतः आजारी पडते आणि तिची विचारपूस कोणी करीत नाही. गोव्यात डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर एक प्रयोग केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात गावातल्याच सामान्य शिक्षणाच्या माणसांना शिकवून स्मृतिभ्रंशाच्या घरी पाठवले. रोग काय आहे ते समजावणे, चिडण्याऐवजी कसे वागावे ते सांगणे, आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घेणे, एवढेच त्यांचे काम. तेवढ्याने सांभाळणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य सुधारले. ह्याला मोठे यंत्र लागले नाही. गणपतीच्या मंडळाला वर्गणी गोळा करणारी दहा मुले मिळतात. त्यांतली दोन आठवड्यातून एक दुपार अशा घरी बसली, तर त्या सुनेला दोन तास झोप मिळेल.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येऊ, कारण आरंभ शब्दांपासून झाला. जपानात ह्या रोगाला जे जुने नाव होते त्यात मूर्खपणाचा अर्थ होता. सरकारने २००४ साली ते नाव टाकून देऊन आकलनाचा विकार अशा अर्थाचे नवे नाव रूढ केले, हेतू हा की रोग्याने आणि घरच्यांनी लाजून लपून राहू नये. अमेरिकेत बेका लेव्ही यांनी २००२ साली असे दाखवले की, आपल्या म्हातारपणाविषयी ज्यांची भावना चांगली होती ती माणसे, तशी नसलेल्यांपेक्षा, सरासरी साडेसात वर्षे अधिक जगली. केवळ भावनेनेच आयुष्य वाढले असे ह्यावरून सिद्ध होत नाही. पण जो ‘माझी आता साठी झाली’ म्हणून हातपाय गाळून बसतो तो फिरायला जात नाही, कान तपासत नाही, नवे शिकत नाही, हे तर आपण रोज पाहतो. म्हण ऐकणाऱ्यांत म्हातारा माणूसही असतो आणि ती तो खरी मानतो, हा तिचा खरा अपाय.

म्हण विसरून जा असे सांगून कोणी ती विसरत नाही. तेव्हा आमची सूचना एवढीच की, यापुढे घरात ती कोणाच्या तोंडून निघाली म्हणजे तिच्या पाठोपाठ चार प्रश्न विचारावेत: कान तपासले का? रक्त तपासले का? गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत? आणि गेल्या आठवड्यात त्यांच्याशी कोण किती बोलले? पहिल्या तिहींची उत्तरे डॉक्टर देतील. चौथ्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.